पेन्सिल बांधलेली पाणसळ

मित्रांनो, माझ्या पोटात एक बुडबुडा आहे आणि तो गेली एकतीस वर्षे स्वस्थ बसलेला नाही. तुम्ही मला कुणाच्या तरी हत्यारांच्या पिशवीत पाहिलेही असेल, परंतु माझे नाव विचारले नसेल. मी एक जुनी पाणसळ आहे. जागा सपाट आहे की तिरकी, हे सांगणे हा माझा धर्म. दोन फूट लांबीचे लाकडी अंग, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या, मधोमध काचेची इवलीशी नळी आणि नळीत पिवळसर हिरवे पाणी. त्या पाण्यात तो बुडबुडा राहतो. नळीवर दोन काळ्या रेघा आहेत. बुडबुडा त्या रेघांच्या मधोमध आला म्हणजे जागा सपाट. एका बाजूस सरकला म्हणजे ती बाजू उंच. एवढेच माझे ज्ञान. शाळेत मी शिकले नाही. एका शाळेच्या चार वर्गांची फरशी बसवताना जे कानावर पडले, त्या भांडवलावर हे आत्मकथन करण्याचे धाडस करीत आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. माझे लाकूड दोन वर्षे सावलीत सुकत ठेवले होते, म्हणजे वाट पाहण्याची विद्या मला जन्मापूर्वीच लाभली. तेथून मला फरशी बसवणाऱ्या एका वृद्ध उस्तादाने नेले. त्याच्या हाताखाली एक तरणा गडी काम शिकत होता. पुढे ज्याला सारे मिस्त्री म्हणू लागले, तोच हा गडी. माझे अवघे आयुष्य त्याच्याशी जोडले गेले आहे.

उस्तादाची एक रीत होती. तो माझ्या एका टोकाला पेन्सिलीचा बोटभर तुकडा आडवा बांधून ठेवी. साधा दोरा, त्याचे चार वेढे. एके दिवशी तरण्या गड्याने विचारले, "उस्ताद, लिहायचं असलं की ही सोडायची का?"

"लिहायला तुझ्या कानावर आहे की एक. ही लिहायची नाही. हे बघ, खोलीला पाणसळ पुरते. न्हाणीघराला पाणसळ आणि पेन्सिल, दोन्ही लागतात."

"ते का?"

"पाण्याला घरी जायचं असतं रे बाबा. वाट उतरती दिली नाहीस, तर ते तिथंच मुक्काम ठोकतं."

मित्रांनो, न्हाणीघराची फरशी सपाट असून चालत नाही. पाणी जाण्याच्या जाळीकडे तिला किंचित ढाळ, म्हणजे उतार, द्यावा लागतो. जाळीकडच्या माझ्या टोकाखाली ती पेन्सिल येई, आणि मग बुडबुडा मधोमध आला की समजावे, फरशी दोन फुटांत पेन्सिलीच्या जाडीएवढी उतरली. खोलीचे काम असले की दोऱ्याचा फास फिरवून पेन्सिल पाठीवर घ्यायची, न्हाणीघर आले की पोटाखाली ओढायची. इतके सोपे. उस्तादाचे गुडघे संपले त्या दिवशी त्याने मला गड्याच्या हाती दिले आणि म्हणाला, "पेन्सिल झिजली की बदल. पण जागा मोकळी ठेवू नकोस."

तदनंतरची नऊ वर्षे माझ्या सुखाची होती. सुखाची म्हटले, पण स्वस्थतेची नव्हे. मिस्त्री सुटी कामे करी. आज एकाचे स्वयंपाकघर, उद्या दुसऱ्याचा जिना. रोज सकाळी तो मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवी, बुडबुडा पाही, मग मला टोकाटोकाने फिरवून पुन्हा ठेवी. दोन्ही वेळा मी एकच सांगितले तर मी खरी. दोन तोंडांनी दोन गोष्टी सांगणारी पाणसळ फेकून द्यावी, असे तो म्हणे. मी त्याला कधी खोटे सांगितले नाही. फरशी बसली की रबरी हातोड्याने टकटक करून तो कान लावी. खाली पोकळ राहिले असेल तर आवाज निराळा येतो. लोक म्हणत, "मिस्त्रीच्या फरशीवर गोटी ठेवा, जागची हलणार नाही." ही माझीच स्तुती आहे असे मी समजत असे.

कामे वाढली. मिस्त्रीच्या पत्नीचा धाकटा भाऊ, म्हणजे मेहुणा, हिशेबात हुशार आणि बोलण्यात त्याहून हुशार. तो म्हणाला, "दाजी, एकट्यानं किती पळाल? माणसं ठेवू, गाडी घेऊ, पाटी लावू." पाटी लागली. दोनाची दहा माणसे झाली, दहाची साठ. मिस्त्रीचा साहेब झाला. साहेब कागद पाही, फोनवर बोले, दुसऱ्यांच्या गुडघ्यांना कामे वाटून देई. मग तांबड्या उजेडाची रेघ मारणारे यंत्र आले आणि माझी गरज संपली.

परंतु मला फेकले नाही. मेहुण्याने कचेरीत काचेचे कपाट केले, त्यात मला ठेवले आणि खाली सुबक अक्षरांत कार्ड लावले: 'सुरुवात येथून झाली.' ठेवण्यापूर्वी मला तेल पाजून, पॉलिश करून लख्ख केले. सफाई करणाऱ्याने माझ्या टोकाचा मळका दोरा कापला आणि पेन्सिलीचा तुकडा केरात टाकला. खरे सांगते, मला तेव्हा आनंदच झाला. फाटका सदरा उतरवून कुणी नवा कोट चढवावा, तसे वाटले.

त्या कपाटात मी चौदा वर्षे राहिले. येणारे जाणारे मला पाहत, वाचत मात्र कुणी नसे. कारण माझा बुडबुडा पहिल्या दिवसापासून डावीकडे सरकलेला होता. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढा. चौदा वर्षे मी एकच वाक्य सांगत होते की, ही जागा डावीकडे उंच आहे. माणसाला ओरडता येते. मला फक्त सरकता येते. साहेबालाही चैन नव्हते, हे मला काचेतून दिसे. बैठक चालू असता तो उठून उभा राही. फोनवर बोलता बोलता बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करी आणि कान लावी. मेहुणा विचारी, "दाजी, भिंतीत काय हरवलंय?" साहेब दचकून हात खिशात घाली.

एके दुपारी असाच फिरता फिरता तो माझ्यापुढे थांबला. त्याची नजर नळीवर गेली. त्याने कपाट उघडले, मला फळीवरच टोकाटोकाने फिरवून ठेवले. बुडबुडा पुन्हा डावीकडेच. मग साहेब चांगल्या विजारीनिशी गुडघ्यांवर बसला आणि त्याने मला जमिनीवर ठेवले. तेथेही तेच.

"ही फरशी कुणी बसवली?" त्याने विचारले.

"आपणच की," मेहुणा म्हणाला.

"आपण म्हणजे कोण?"

"आपली माणसं. कचेरी झाली तेव्हा."

"आणि मी कुठं होतो?"

"तुम्ही आत मीटिंगमध्ये होता."

साहेब हसला, परंतु ते हसू चांगले नव्हते. महिनाभराने त्याने कंपनीचा कारभार मेहुण्याकडे सोपवला आणि मला काखेत मारून तो घरी आला. मेहुणा मागोमाग आला.

"दाजी, बोटभर फरकासाठी कुणी कंपनी सोडतं का?"

"बोटभर नाही रे, तांदळाएवढाच आहे. पण चौदा वर्षं डोळ्यांसमोर होता आणि मला दिसला नाही. मी परत सुटी कामं करणार. एकट्यानं."

"या वयात? अहो, लोक ओसरीवरून माडीवर जातात. तुम्ही माडीवरून उडी मारताय."

पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती म्हणाली, "गुडघ्यांना विचारलंत का? खुर्चीतून उठताना मला हाक मारता. तिथं फरशीवरून उठताना कुणाला मारणार?"

"तुलाच मारीन. जोरात."

मेहुणा मनाने वाईट नव्हता. तो म्हणाला, "एक महिना तुमची खुर्ची रिकामी ठेवतो. पहिलं काम धड झालं तर तुम्ही जिंकलात. नाही झालं तर मुकाट्यानं येऊन बसायचं. कबूल?" मिस्त्रीने मान हलवली. मीही मनात हलवली.

त्यानंतरचे तीन आठवडे आम्हा दोघांस फार कठीण गेले. फोन वाजे तो साहेबासाठी. मिस्त्रीला कुणी विचारीना. जुनी गिऱ्हाइके पांगली होती. तो घरातल्या घरात फिरे आणि मला टेबलावर, कपाटावर, फ्रिजवर ठेवून पाही. पत्नी म्हणाली, "आता माझ्या डोक्यावर तेवढी ठेवायची राहिलीय." शेवटी तिनेच काम आणले. तिचे कपडे शिवणाऱ्या बाईंच्या न्हाणीघराची फरशी बदलायची होती. बाईंचे दुकान पुढे आणि घर मागे होते. मिस्त्री माप घ्यायला गेला तेव्हा बाई म्हणाल्या, "आईचा पाय याच गुळगुळीत फरशीवर मोडला. शनिवारी दवाखान्यातून घरी येतेय. मला सुंदर नको, मिस्त्री. पाय धरून ठेवील अशी हवी."

'मिस्त्री' हा शब्द ऐकून त्याचा चेहरा असा झाला, जणू हरवलेली वस्तू कुणी हातात आणून दिली.

सोमवारी जुनी फरशी निघाली. मंगळवारी त्याने गुडघ्यांना पट्ट्या बांधल्या, गोणपाटाची घडी अंथरली आणि खरबरीत करड्या फरश्या बसवायला घेतल्या. मित्रांनो, त्या दिवशी माझा बुडबुडा जसा नाचला तसा कधी नाचला नाही. मिस्त्री एकेक फरशीवर मला उभी ठेवी, आडवी ठेवी, फिरवून ठेवी. कचेरीतली ती तिरकी फरशी त्याच्या उरात काट्यासारखी रुतली होती. तो पुटपुटे, "तांदळाएवढाही नको. बस, तिथंच बस." आणि मी बसे, रेघांच्या बरोबर मधोमध. उठताना तो भिंत धरी, टॉवेलाने मान पुशी, पुन्हा बसे. मध्येच मला एक टोक हलके वाटले. काहीतरी राहून गेले आहे असे क्षणभर जाणवले. परंतु अभिमानाच्या भरात मी तिकडे लक्ष दिले नाही. बुधवारी सांधे भरून झाले. त्या फरशीवर गोटी ठेवली असती तर ती झोपी गेली असती.

गुरुवारी सकाळी बाईंनी बादलीभर पाणी ओतले.

पाणी पसरले आणि उभे राहिले. भिंतीपासून भिंतीपर्यंत सारखे, शांत, आरशासारखे. छताचा दिवा त्यात दिसू लागला. जाळी कोपऱ्यात कोरडीच होती म्हणावे इतके थोडे पाणी तिच्यात गेले.

बाई म्हणाल्या, "मिस्त्री, कुठं जायचं ते पाण्याला सांगितलं नाहीत वाटतं."

मिस्त्रीने वाकून जाळीत बोट घालून पाहिले.

"यात घसरेल का हो आई?"

"घसरतील," तो म्हणाला. खोटे त्याला येत नव्हते.

मित्रांनो, त्या क्षणी मला नळी फुटून जावे असे वाटले. सारा दोष माझा होता. मी सपाट म्हणाले, तो सपाट करीत गेला. न्हाणीघरात सपाट म्हणजे चूक, हे आम्ही दोघेही विसरलो होतो. अठरा वर्षे तो नुसता 'ढाळ नीट द्या रे' असे फोनवर सांगत आला होता. सांगणारे तोंड शाबूत राहिले होते. करणारा हात मात्र विसरला होता.

तेवढ्यात मेहुणा आला. पहिले काम पाहावे, म्हणून तो मुद्दाम आला होता. पाणी पाहून त्याला हसू आवरेना. "दाजी! अहो, हे आपण नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात शिकवतो!"

"मीच शिकवायचो."

मेहुण्याचे हसू ओसरले. तो हळू म्हणाला, "असू द्या. चार माणसं आणि गाडी पाठवतो. संध्याकाळपर्यंत नवी फरशी. तुम्ही फक्त सोमवारी खुर्चीत या. मी कुणाला काही सांगणार नाही."

बाई दाराशी उभ्या होत्या. "तुमचं घरचं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "मला शनिवारी कोरडी फरशी हवी. एकानं बसवली की चारांनी, आईच्या पायाला काय कळणार?"

त्यांचे म्हणणे खरे होते, आणि म्हणूनच ते झोंबले. मिस्त्रीने मला पिशवीत घालण्यासाठी उचलले. तो हरला, असे मी मनात म्हटले. त्याचा अंगठा सवयीने माझ्या टोकाकडे गेला. तेथे पॉलिशखाली एक बारीक खाच आहे. उस्तादाच्या काळापासून दोऱ्याने कापत कापत पडलेली. अंगठा त्या खाचेत थांबला. पुढे गेला, मागे आला, पुन्हा थांबला.

"इथं काहीतरी होतं," तो म्हणाला.

"काय होतं?" मेहुण्याने विचारले.

मिस्त्री ओल्या फरशीवर, त्या उभ्या पाण्यातच, मटकन खाली बसला. "पेन्सिल!"

"पेन्सिल? काय लिहायचंय आता?"

"राजीनामा," बाई पुटपुटल्या.

मिस्त्रीने वर पाहिले. "बाई, दोरा आहे का?"

"शिवणकामाच्या दुकानात दोरा मागताय? रंग सांगा."

"कुठलाही. आणि पेन्सिलीचा तुकडा."

बाईंनी कानामागची पेन्सिल काढली, खडूची नव्हे, जाड लाकडी, क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि गुडघ्यावर ठेवून मोडली. निळ्या दोऱ्याचे चार वेढे बसले आणि चौदा वर्षांनी माझी रिकामी जागा भरली. मिस्त्री म्हणाला, "आज दुपारपासून ही काढून पुन्हा बसवतो. उद्या संध्याकाळी तुम्हीच पाणी ओता. उभं राहिलं, तर शनिवारी सकाळी याची माणसं येतील आणि सोमवारी मी त्या खुर्चीत असेन. तुमच्या आईच्या पायापेक्षा माझा हट्ट मोठा नाही. पण एक दिवस द्या."

बाईंनी पाण्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "लवकर धरणारं सिमेंट वापरा मग," त्या म्हणाल्या. "आणि आधी चहा घ्या. पार भिजलात."

स्वतःच्या हाताने कालपरवा बसवलेली फरशी स्वतःच फोडणे किती अवघड, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. छिन्नीचा पहिला घाव घालताना मिस्त्रीने डोळे मिटले. दुसऱ्याला मिटले नाहीत. मेहुण्याने थोडा वेळ फोनवर बोलल्यासारखे केले, मग बाह्या सरसावल्या आणि घमेल्यात तुकडे भरून बाहेर नेऊ लागला. मिस्त्रीने पाहिले तसा तो म्हणाला, "कंपनी म्हणून नाही हं. मेहुणा म्हणून उचलतोय. बसवणार तुम्हीच."

त्या दोन दिवसांत सपाटपणाचा हट्ट सोडून मी पेन्सिलीचे ऐकायला शिकले. पेन्सिल जाळीकडे, बुडबुडा मधोमध. फरशीमागून फरशी जाळीकडे नमत गेली, दिसणार नाही इतकी. मिस्त्रीने पत्नीला फोन करून उठण्यासाठी खरोखरच हाक मारली. ती पलीकडून म्हणाली, "भिंत धरा आणि उठा. मी इथून धक्का देते." तो उठला.

शुक्रवारी संध्याकाळी बाईंनी पाणी ओतले. मेहुणाही आला होता. पाणी पसरले. क्षणभर थांबले. माझ्या पोटातला बुडबुडाही थांबला असेल. मग पाण्याची कड एका बाजूने सुटली, हळूहळू कोपऱ्याकडे वळली, आणि जाळीतून गटगट आवाज येऊ लागला. मागे नुसती ओली फरशी उरली. मिस्त्रीने ती हाताने चाचपून पाहिली, एकेक सांधा, एकेक कोपरा. कुठेही तळे नव्हते.

शनिवारी बाईंची आई चार पायांच्या आधारकाठीवर न्हाणीघराच्या दाराशी आली. काठी आत टेकवून ती थांबली. "ही तिरकी आहे," ती म्हणाली.

"हो, आई. मुद्दाम केलीय," मिस्त्री म्हणाला.

"बरं झालं. मीही आता थोडी तिरकीच चालते." आणि ती आत गेली. बाई दारात तिचा दंड धरण्यासाठी हात पुढे करून उभ्या राहिल्या, पण धरावा लागला नाही.

बाहेर पडताना मेहुणा म्हणाला, "मग दाजी, खुर्ची काढून टाकू?"

"खुर्ची राहू दे. तिच्याखालची फरशी तेवढी नीट कर."

मित्रांनो, आता आम्ही पुन्हा सुटी कामे करतो. कधी दिवसात तीन फोन येतात, कधी आठवडाभर एकही नाही. मिस्त्रीचे गुडघे कुरकुरतात. माझे पॉलिश सिमेंटने गेले, पितळेच्या टोप्या काळवंडल्या. बुडबुड्याला विसावा नाही. कुठल्या घरात उद्या कुठे सरकावे लागेल, याची धास्ती त्याला रोज वाटते. तरीही सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर मिस्त्री मला फिरवून ठेवतो, तेव्हा मी दोन्ही तोंडांनी एकच सांगते, आणि तो पिशवी उचलतो.

माझी एक विनवणी आहे. तुमच्या घरी एखादे जुने हत्यार असेल, तर त्याला काचेत ठेवून मान देऊ नका. पुसा, तेल द्या, परंतु कामाला न्या. आणि पुसताना त्याच्या टोकाला एखादा मळका दोरा, एखादा लाकडाचा तुकडा बांधलेला दिसला, तर कात्री लावण्यापूर्वी ज्याच्या हातात ते झिजले त्याला विचारा, हे कशासाठी आहे? तो सांगेल. बहुधा बसा म्हणेल आणि सगळे पहिल्यापासून सांगेल.